पासवर्ड बदलण्यापूर्वी खाते तपासावे

आपण विंडोज १० किंवा ११ वापरत असाल, तर आपले खाते स्थानिक (म्हणजे फक्त त्या संगणकापुरते) आहे की मायक्रोसॉफ्टचे (म्हणजे ऑनलाइन), हे सेटिंग्जमधील अकाउंट्स विभागात आधी पाहून घ्यावे. कारण मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला की तो त्या खात्याने उघडणाऱ्या सर्वच सेवांसाठी बदलतो, आणि नवख्यांची फसगत बहुधा इथेच होते. रोज टाकला जाणारा पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. तो केवळ त्या एका संगणकापुरता असतो.

खाते स्थानिक असल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून ‘चेंज अ पासवर्ड’ निवडावे, जुना पासवर्ड एकदा आणि नवा दोनदा टाकावा. चौकटीत नुसते ठिपके उमटत असल्याने कॅप्स लॉक चालू नाही ना आणि कीबोर्ड मराठीवर राहिलेला नाही ना, याची आधीच खात्री करावी (मी स्वतः याच कारणाने एकदा अर्धा तास स्वतःच्याच संगणकाबाहेर ताटकळलो आहे). जुना पासवर्ड आठवत असताना दुसऱ्या ॲडमिन (म्हणजे संगणकाचे पूर्ण अधिकार असलेल्या) खात्यातून तो ‘रीसेट’ करण्याचा आडमार्ग मात्र धरू नये, कारण त्यामुळे विंडोजमधूनच एन्क्रिप्ट केलेल्या (म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या) फाइली उघडेनाशा होऊ शकतात.