मैदानावर नाचले, पण वर गेले नाहीत

प्रश्न : मे 2023 मधली एक चित्रफीत मुलाने दाखवली. हाम्बुर्ग या जर्मन फुटबॉल क्लबचे पाठीराखे मैदानात घुसून नाचताहेत, गळ्यात पडून रडताहेत. मुलगा म्हणतो, त्या वर्षी हाम्बुर्ग वरच्या लीगमध्ये गेलंच नाही. मग ही माणसं नाचत कशासाठी होती?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय, आणि नाचणारेही काही खुळे नव्हते. जर्मनीच्या दुसऱ्या बुंडेसलिगात, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, 18 संघ, प्रत्येकाचे 34 सामने. पहिले दोन थेट वर. 28 मे 2023 ला शेवटची फेरी होती. डार्मश्टाटचं वर जाणं आधीच पक्कं झालेलं. उरलेल्या जागेसाठी हायडेनहाइम 64 गुणांवर, हाम्बुर्ग 63 वर. हाम्बुर्गने झांडहाउझेनला त्यांच्या मैदानावर 1-0 ने हरवलं आणि 66 झाले. तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये हायडेनहाइम 0-2 असं मागे पडून 1-2 पर्यंत आलेलं. बरं, रेगेन्सबुर्ग म्हणजे कुणी बलाढ्य नव्हे; त्या मोसमात तेच खालच्या लीगमध्ये घसरले.

शेवटच्या फेरीचे सामने मुद्दाम एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कुणी खेळू नये. पण एकाच वेळी संपवणार कसे? वाया गेलेला वेळ 90 मिनिटांनंतर भरून देतात, आणि तो प्रत्येक मैदानावर वेगळा. हाम्बुर्गची शिट्टी वाजली तेव्हा रेगेन्सबुर्गमध्ये खेळ चालूच होता, आणि त्या क्षणीच्या गणिताने हाम्बुर्ग वर होतं. लोक मैदानात उतरले. स्टेडियमच्या निवेदकानेही अभिनंदन करून टाकलं! (निवेदक यजमानांचा, हे विशेष.) तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये 90+3 व्या मिनिटाला हायडेनहाइमच्या यान-निक्लास बेस्टेने पेनल्टीवर बरोबरी साधली. तरीही हाम्बुर्ग वरच. 90+9 व्या मिनिटाला टिम क्लाइनडिन्स्टने तिसरा गोल मारला, हायडेनहाइम 67 वर पोचलं, आणि गोलफरकावर डार्मश्टाटलाही मागे टाकून थेट विजेतं झालं. आता मैदानावर नाचणाऱ्या माणसाला हे कुणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

प्रश्न : तिसऱ्या क्रमांकालाही संधी असते ना? मग एवढी रडारड कशाला?

उत्तर : असते, कागदावर. तिसरा संघ पहिल्या लीगमधल्या सोळाव्या संघाशी दोन सामने खेळतो. 2009 पासून 2025 पर्यंत असा मुकाबला 17 वेळा झाला. खालचा संघ जिंकला किती वेळा? तीन. न्युर्नबर्ग 2009, ड्युसेलडोर्फ 2012, उनिओन बर्लिन 2019. बस्स. वरच्या लीगचा पैसा आणि त्या पैशातून आलेले खेळाडू एकीकडे, आणि थेट बढती नुकतीच हुकलेला संघ दुसरीकडे. हा सामना बरोबरीचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. हाम्बुर्गचं 2023 मध्ये तेच झालं. श्टुटगार्टने 3-0, 3-1 असं धुतलं. आदल्या वर्षी तर बर्लिनमध्ये हेर्ताला 1-0 ने हरवून आले आणि घरच्या मैदानावर 0-2 ने हरले.

पण हाम्बुर्गसाठी फार हळहळू नका. 2014 आणि 2015 मध्ये हाच क्लब पहिल्या लीगमध्ये सोळावा आला होता आणि दोन्हीदा याच नियमाने तगला. 1963 पासून एकदाही खाली न गेलेला क्लब म्हणून स्टेडियममध्ये पहिल्या लीगमधला काळ मोजणारं घड्याळ लावून मिरवायचे. 2018 मध्ये खाली आले आणि 2025 पर्यंत तिथेच अडकले.

प्रश्न : हायडेनहाइमला नशिबाने तारलं, असं म्हणावं का?

उत्तर : त्या सहा मिनिटांपुरतं खुशाल म्हणा. पण प्रशिक्षक फ्रांक श्मिट हे त्याच गावचे. 2007 मध्ये त्यांनी संघ हाती घेतला तेव्हा तो चौथ्या पातळीवर खेळत होता. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, स्टेडियम 15 हजारांचं. शिवाय 2020 मध्ये हेच लोक तिसरे आले होते. ब्रेमेनशी 0-0 आणि 2-2, म्हणजे एकही सामना न हरता ते बाहेर, कारण तेव्हा परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन होतं. हा नियम पुढे रद्द झाला. नशिबाकडे त्यांची बाकी होतीच म्हणायची.

प्रश्न : दुसऱ्या लीगचा राजा कोण?

उत्तर : सिमोन टेरोडे, गोल मारणारा आघाडीचा खेळाडू. श्टुटगार्ट, कोलोन, शाल्के, तिन्ही क्लबांना वर नेण्यात त्याचा मोठा वाटा. 2021-22 च्या मोसमात 30 गोल, आणि त्याच मोसमात डीटर शाट्सश्नायडरचा या लीगमधल्या एकूण 153 गोलांचा जुना विक्रम मोडला. वरच्या लीगमध्ये मात्र त्याची डाळ कधी शिजली नाही. त्यावरून त्याला हिणवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही.