पट्टी कोणती होती, तेही लिही

अनेक आशीर्वाद.

तुमच्या संगीत नाटक मंडळीच्या निर्मितींची तू केलेली यादी दोनदा वाचली. नाटक, शुभारंभाची तारीख, नाट्यगृह, दिग्दर्शक, सगळं जागच्या जागी आहे. पण वाचताना एकही पद कानांत वाजलं नाही, म्हणून हे पत्र.

शुभारंभावर तुझी फार भिस्त आहे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं, ते पहिल्या चार अंकांचं. ‘सौभद्र’ही १८८२ मध्ये तीनच अंकांनिशी उभं राहिलं, पूर्ण झालं पुढच्या वर्षी. मग छोट्या मंडळीचं नाटक पहिल्याच रात्री कसं बसेल? पंचविसाव्या प्रयोगाला ते कसं होतं, हे मला तुझ्याकडून हवंय.

त्यासाठी प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून संवाद सुचवणाऱ्याची, प्रत शोध. ‘सौभद्रा’त मुळात शंभरावर पदं. रात्रभर चालणारं नाटक तीन तासांत आणायचं म्हणजे गाळणं आलंच. काय गाळलं आणि काय जिवापाड राखलं, यात त्या मंडळीचा स्वभाव दिसतो. पेन्सिलीच्या त्या काटाकाटी जशाच्या तशा उतरवून घे. नट बदलला की पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार स्वर, तोही बदलतो. पेटीच्या काळी एक पट्टीतलं पद काळी चारमध्ये गेलं, तर ऑर्गन-तबल्याला सारं नव्यानं बसवावं लागतं. पात्रबदलाच्या नोंदीशेजारी पट्टी लिहिलीस तर पुढच्या गायक नटावर उपकार होतील.

जाहिरातीवर मात्र विसंबू नकोस. मी एकदा एका प्रयोगाची तारीख जाहिरातीवरून टिपली आणि छापलीही. पुढे हिशेबाची वही हाती आली, तर नाट्यगृहाच्या भाड्यापुढे ‘परत’ असा शेरा! नायकाचा घसा बसला होता, प्रयोग झालाच नव्हता. ती चूक मला अजून सलते. रद्द झालेले प्रयोगही यादीत घे, कारणासकट.

दुसऱ्या संस्थेबरोबर केलेले प्रयोग तू वगळलेस, ते का? ८ जुलै १९२१ चं ‘संयुक्त मानापमान’ आठव. केशवराव भोसले धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी, दोघींच्याही इतिहासात ती रात्र आहे. तुमचेही तसे प्रयोग दोन्हीकडे नोंदले जाऊ देत.

आणि तुमचे जुने ऑर्गनवादक अजून आहेत, त्यांच्याकडे या आठवड्यातच जा. तारखा विचारू नकोस, त्या त्यांना आठवणार नाहीत. पेटी पुढ्यात ठेव, एखाद्या पदाचं धृपद गुणगुण आणि रेकॉर्डिंग चालू ठेव. कोण कुठे ताल चुकायचं, कोणाला तिसरा ‘वन्समोअर’ झेपायचा नाही, ते आपोआप बोलू लागतील.