सँडी डेनी कोण होती? तिचं ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

इंग्लिश फोक-रॉकमधला (लोकसंगीत नि रॉक यांचा मेळ) माझ्या मते सर्वात मोठा आवाज. जन्म १९४७, लंडनच्या विम्बल्डनमधला. थोडे दिवस रुग्णालयात नर्सिंग केलं, मग फोक क्लबांत गाणं, आणि १९६८मध्ये ती 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' बँडमध्ये आली. तिच्यामुळेच हा बँड जुन्या इंग्रजी लोकगीतांकडे वळला.

सुरुवात 'अ सेलर्स लाइफ'पासून करा. अकरा मिनिटांचं पारंपरिक गीत, फेअरपोर्टसोबत एकाच टेकमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. आधी तिचा आवाज जवळजवळ एकटाच, संथ. मग हळूहळू ड्रम्स चढत जातात आणि शेवटी गिटार नि व्हायोलिन एकमेकांच्या मागे धावतात. हेडफोन लावून, दिवा मालवून ऐका.

'हू नोज व्हेअर द टाइम गोज?' हे गाणं तिने विशीच्या आसपास लिहिलंय, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

पुढे 'फॉदरिंगे' हा स्वतःचा बँड, चार सोलो अल्बम. १९७१मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडच्या एका गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट प्लांटसोबतही ती गायली. मोठं व्यावसायिक यश मात्र हाती लागलं नाही. दारू वाढली, आणि पडून डोक्याला मार लागल्यानंतर एप्रिल १९७८मध्ये ती गेली. वय अवघं ३१, मुलगी तान्ही.