रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला काय होतंय?

कोविडमधून उठलेल्या माणसांनी गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे, फक्त त्याचे शब्द बदलतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आले, डॉक्टर म्हणतात तुम्ही बऱ्या झालात, घरचे म्हणतात आता विचार करणे सोड, मग मला जे होते आहे ते माझ्या मनाचे खेळ आहेत का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देऊ नये, हे मी एका बाईंच्या निमित्ताने आणि माझ्याच एका चुकीतून शिकले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तो अनुभव येथे सांगत आहे.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. २०२१ साली त्यांना कोविड झाला. पहिला आठवडा ताप आणि अंगदुखी यांत गेला. आठव्या दिवशी रात्री ऑक्सिमीटरवर, म्हणजे बोटावरून रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्रावर, ९० हा आकडा दिसला आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. त्या वेळी त्यांना धाप लागलेली नव्हती. त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि ‘यंत्र बिघडले असेल’ असेच त्यांना वाटले होते. कोविडमध्ये हे अनेकांच्या बाबतीत घडले. श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. या आजारात सुरुवातीला पुष्कळदा प्राणवायू उतरतो, पण कार्बन डायऑक्साइड साचत नाही, त्यामुळे धोका वाढत असतानाही जीव घाबरा होत नाही. बाई नऊ दिवस प्राणवायूवर होत्या. त्यांना स्टिरॉइड दिले गेले, त्याने फुप्फुसांची सूज उतरली, आणि त्या घरी आल्या.

घरी आल्यावर पाच महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा ऑक्सिमीटर त्यांच्या पर्समध्ये होता. दिवसातून किती वेळा पाहता, असे विचारल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या, “मोजणे सोडून दिले आहे, मॅडम. तीस-चाळीस वेळा तरी होत असेल.” रात्री जाग आली की आधी बोट यंत्रात जाई. बोटे गार पडलेली असली की यंत्राला नाडी नीट सापडत नाही आणि आकडा खोटाच कमी दिसू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ९३ दिसले की छातीत धडधड, मग भराभर श्वास, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, डोके हलके, आणि ‘हे पुन्हा सुरू झाले’ अशी खात्री. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या व भोवळ येते. प्राणवायू मात्र तेव्हा पुरेसा असतो. हे मी चित्र काढून समजावले, तेव्हा गणिताच्या शिक्षिका असल्यामुळे असेल, त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतले.

येथपर्यंत माझे निदान सरळ होते. मोठ्या भीतीतून गेलेले माणूस, शरीराच्या प्रत्येक हालचालीवर पहारा, पुन्हापुन्हा तपासून तात्पुरता दिलासा आणि त्या दिलाशामुळेच घट्ट होत जाणारी सवय. बाई जिना टाळत होत्या, उभे राहून शिकवणे टाळत होत्या, फळ्यावर दोन उदाहरणे सोडवली की बसत होत्या. टाळण्याने भीती वाढते, हे आमच्या व्यवसायातले पहिल्या धड्यातले वाक्य आहे. म्हणून मी त्यांना पायरीपायरीने टाळलेल्या गोष्टींना सामोरे जाण्याचा कार्यक्रम आखून दिला: या आठवड्यात एक मजला, पुढच्या आठवड्यात दोन, रोज थोडे अधिक चालणे, आणि थकवा जाणवला तरी न थांबणे.

त्यांनी तो कार्यक्रम प्रामाणिकपणे पाळला. चढलेल्या दिवशी त्यांना उत्साह वाटला, त्यांनी मला तसा निरोपही पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग जड झाले, आणि तिसऱ्या दिवसापासून चार दिवस त्या अंथरुणातून उठू शकल्या नाहीत. डोके बधिर, प्रकाश नकोसा, सातचा पाढा म्हणताना अडखळणे. पुढच्या भेटीत त्या रडल्या नाहीत, त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे मी प्रयत्नच पुरेसे करत नाही, असेच ना?” ते वाक्य ऐकून मला माझी चूक कळू लागली. भीतीने ज्याचे पाय अडतात, त्याला पाऊल टाकल्यावर हलके वाटते. पाऊल टाकून एक-दोन दिवसांनी आडवे पडणाऱ्या माणसाचे शरीर वेगळेच काहीतरी सांगत असते.

शारीरिक किंवा बौद्धिक श्रमांनंतर काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळ्या तक्रारी उसळून येणे, हे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या आजाराचे एक ओळखीचे लक्षण आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे तीत येतात, आणि थकवा, धाप व विचार करण्यातला मंदपणा ही त्यांतली नेहमीची. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने दीर्घ थकव्याच्या एका जुन्या आजारासाठी ठरलेल्या प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. तो आजार वेगळा असला तरी श्रमांनंतर कोसळण्याचे लक्षण दोन्हीकडे दिसते. मी ते सगळे वाचले ते बाई कोसळल्यानंतर. आधी वाचायला हवे होते, आणि त्याहून आधी त्यांना ‘तिसऱ्या दिवशी कसे वाटते?’ एवढा साधा प्रश्न विचारायला हवा होता. मी त्यांची क्षमा मागितली. समुपदेशकाने क्षमा मागावी की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. माझ्या मते, ज्या माणसाला महिनोन्‌महिने ‘तुझेच काहीतरी चुकते आहे’ असे सुचवले गेले आहे, त्याला एकदा तरी दुसऱ्या कोणीतरी ‘माझे चुकले’ म्हटलेले ऐकायला मिळाले पाहिजे.

पुढचे काम सुरू करण्यापूर्वी मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले, आणि या वेळी सोबत नेमके प्रश्न लिहून दिले. हृदय, फुप्फुसे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर हे सगळे पाहून झाले आहे का. आणि छातीत दुखणे, एका पायाला सूज, स्वस्थ बसलेले असताना ऊबदार बोटावरही सतत ९४ च्या खाली राहणारा आकडा, यांपैकी काही दिसल्यास कोठे जायचे. ‘मनाचे आहे’ हा निष्कर्ष शरीर नीट पाहण्याच्या आधी काढणे ही माझ्यासारख्यांची नेहमीची चूक आहे. तपासण्या पुन्हा जवळपास नॉर्मलच आल्या. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ, ज्या गोष्टी आपण मोजल्या त्यांत दोष सापडला नाही, एवढाच होतो. श्रमांनंतर कोसळणे मोजणारी चाचणी नेहमीच्या तपासण्यांत नसतेच.

मग आम्ही वहीला दोन रकाने केले. डावीकडे ‘त्या क्षणी’ आणि उजवीकडे ‘दोन दिवसांनी’. तीन आठवड्यांत वहीतून दोन वेगळे त्रास बाहेर आले. एक त्रास अचानक येई, त्याच्या आधी एखादा विचार, आवाज किंवा आकडा असे, मुंग्या येत, आणि श्वास हळू सोडत राहिले की वीस मिनिटांत तो ओसरे. दुसरा त्रास उशिरा येई, त्याच्या आधी नेहमी जादा श्रम असत, आणि मनाला कितीही समजावले तरी तो आपले दिवस पुरे करूनच जाई. पहिला भीतीचा, दुसरा शरीराचा. बाईंना दोन्ही होते. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे पहिल्यावर विश्रांतीचा उपाय होत होता, त्याने भीती वाढत होती; आणि दुसऱ्यावर धैर्याचा उपाय होत होता, त्याने शरीर खचत होते.

भीतीचे मूळ शोधताना बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून गेलेली नाही. त्या म्हणाल्या, “तेव्हा मला काहीच होत नव्हते आणि आकडा ९० होता. आता मला सगळे होते आहे आणि आकडा ९७ आहे. मी विश्वास कोणावर ठेवायचा?” शरीर एकदा गप्प राहून दगा देऊन गेले होते, म्हणून त्यांनी त्याची साक्ष काढण्याचे सोडून यंत्राची साक्ष काढायला सुरुवात केली होती. ती चाळीस वेळची तपासणी वेडगळपणाची नव्हती, एका खऱ्या रात्रीतून आलेली ती शहाणीव होती, फक्त तिची मुदत संपली होती. असे म्हटल्यावर ती सवय सोडवणे सोपे गेले. आम्ही तपासणीच्या वेळा डॉक्टरांच्या संमतीने दिवसाला तीनवर, मग एकावर आणल्या. मधल्या वेळी यंत्र दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गाठ होती. रुग्णालयात शेजारच्या खाटेवरच्या बाई पाचव्या रात्री गेल्या. पडदा ओढला गेला, यंत्राचा आवाज थांबला, सकाळी खाटेवर नवी चादर होती. “त्या गेल्या आणि मी राहिले. मग मी कोणत्या तोंडाने सांगू की मला थकवा येतो?” या अपराधी भावनेमुळे त्या पाच महिने आपला थकवा घरातही कमी करून सांगत होत्या, हसतमुखाने जादा काम उरकत होत्या, आणि मग तिसऱ्या दिवशी पडत होत्या. घरच्यांना दिसे ते फक्त पडणे, त्याच्या आधीचे ओढणे दिसत नसे. एका भेटीला मी त्यांच्या पतींना बोलावले आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले आणि म्हणाले, “मी हिला रोज म्हणत होतो, थोडी हिंमत धर.” जास्त काही समजावण्याची गरज पडली नाही.

थकव्यासाठी आम्ही जे केले ते ऐकायला कंटाळवाणे आहे. जेवढे झेपते त्याच्या आत राहायचे, बऱ्या दिवशीसुद्धा. बऱ्या दिवशी राहून गेलेली सगळी कामे उरकण्याचा मोह हाच खरा शत्रू ठरतो. तास बसून घ्यायचा, दोन तासांच्या मध्ये डोळे मिटून पडायचे, उत्तरपत्रिका एका बैठकीत दहाच तपासायच्या. विचार करण्याचे श्रमही श्रमच असतात, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला पटवणे मला सर्वांत अवघड गेले. सलग काही आठवडे कोसळण्याची वेळ आली नाही, तेव्हाच आम्ही थोडे वाढवले, आणि दोनदा पुन्हा मागे आलो.

साधारण वर्षाने त्यांची स्थिती बरीच सुधारली होती. पूर्वीसारखी झाली नव्हती. दोन मजले त्या मध्ये एकदा थांबून चढत, आणि थांबण्याचे त्यांना वाईट वाटणे बंद झाले होते. पुढे त्यांना पुन्हा संसर्ग झाला, सौम्य स्वरूपाचा. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात भीती होती, ती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली, आणि मग विचारले, “ताप उतरल्यावर लगेच शाळेत जाऊ की आधी उजवा रकाना भरू?” मी डॉक्टरांना विचारायला सांगितले. त्या म्हणाल्या, “विचारले. ते म्हणाले, तुम्हाला झेपेल तसे. म्हणून तुम्हाला फोन केला.” आम्ही वही उघडून दोन आठवड्यांच्या तासांची आखणी केली.