गॅब्रिएल गेला आणि जेनेसिस संपलं?

प्रश्न : घरी जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडवरून सारखे वाद होतात. बाबांकडे जुन्या कॅसेट्स आहेत, ते म्हणतात गायक पीटर गॅब्रिएल सोडून गेला तिथेच बँड संपला, फिल कॉलिन्सने पुढे सगळं पॉप करून टाकलं. मला 'इन्व्हिजिबल टच' आवडतं, ते लावलं की बाबा तलावपाळीला चक्कर मारायला निघून जातात. बरोबर कोण?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : गाणं तुझं चांगलंय आणि कॅसेट्स बाबांच्या भारी, पण बाबा दोष चुकीच्या माणसाला देतायत. गॅब्रिएल गेला 1975 मध्ये, मग बऱ्याच गायकांच्या ऑडिशन्स घेतल्या, कोणी जमेना, शेवटी ड्रमर कॉलिन्सच गायला लागला. 1976 चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' अल्बम बाबांना नाव न सांगता ऐकव. तेच बारा तारांचं गिटार, तोच मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड), गायक सोडला तर फारसं काही बदललेलंच नाही, कारण चाली बांधणारे बाकीचे तिथेच होते ना!

खरी गंमत गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेट 1977 मध्ये बँड सोडून गेल्यावर झाली. लीड गिटार रिकामं पडलं, बेस वाजवणाऱ्या माइक रदरफर्डने तेही अंगावर घेतलं, मग उरलेली जागा टोनी बँक्सच्या कीबोर्डने भरली, गाणी आखूड झाली आणि 1978 मध्ये 'फॉलो यू फॉलो मी' इंग्लंडमध्ये पहिल्या दहात गेलं. त्याआधी त्यांचं एकही गाणं तिथवर गेलं नव्हतं. पुढे काम करायची पद्धतच पालटली. आधी जो तो आपापली गाणी लिहून आणायचा, आता ड्रम मशीन लावायचं, तिघांनी जॅम करायचं, म्हणजे काही न ठरवता एकत्र वाजवत बसायचं, कॉलिन्सने सुचेल ते गुणगुणायचं आणि त्यातून गाणं काढायचं. अशाने गॅब्रिएलच्या काळातलं तेवीस मिनिटांचं 'सपर्स रेडी' कुठून होणार?

आणि ऐंशीच्या दशकातला तो दणदणीत, मध्येच कापल्यासारखा ड्रमचा आवाज, ज्यासाठी कॉलिन्सला शिव्या पडतात, तो घुमला गॅब्रिएलच्याच 1980 च्या सोलो अल्बमवर! वाजवणारा कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅडगॅम, आणि हाच पॅडगॅम पुढच्या वर्षी 'अबॅकॅब' अल्बमसाठी जेनेसिसकडे आला. 1986 मध्ये 'इन्व्हिजिबल टच' अमेरिकेत एक नंबरवर होतं, त्याला खाली कोणी खेचलं माहितीये? गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. तेही काही कमी पॉप नाहीये, विचार बाबांना.

प्रश्न : आमच्या बँडचा गिटारिस्ट नोकरीसाठी बंगळुरूला चाललाय. डिट्टो तसाच वाजवणारा शोधू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : शोसाठी शोध, जुनी गाणी वाजवायला लागतीलच. जेनेसिसनेही स्टेजवर गिटारिस्ट डॅरिल स्टर्मर आणि ड्रमर चेस्टर थॉम्पसनला घेतलंच की, स्टुडिओत मात्र तिघंच राहिले. नवीन गाणी आहात तेवढ्यांनीच करून बघा, आणि कीबोर्डवाल्याला आधीच सांगून ठेवा की प्रत्येक फट भरायची गरज नसते.