चावी कुणाच्या हातात दिलीत?

ब्राझीलमधून आलेल्या तुमच्या लांबलचक पत्रात पेंटचा खर्च आहे, डिपॉझिट आहे, दंड आहे, घरमालकाचा तिरसट स्वभावही आहे. पण ज्या वाक्यावर सगळं प्रकरण टांगलेलं आहे ते तुम्ही जाता जाता लिहिलंत: "मार्चमध्ये चावी पोर्तेइरोकडे (इमारतीच्या रखवालदाराकडे) ठेवली आणि आम्ही स्वस्तातल्या घरात राहायला गेलो." आज जुलै आहे. मालक चार महिन्यांचं भाडं मागतो आहे, आणि तुम्ही विचारता की जिथे राहत नाही तिथलं भाडं कसं लागेल?

लागेल. ब्राझीलमध्ये भाडं थांबतं ते चावी मालकाच्या किंवा त्याच्या एजन्सीच्या ताब्यात गेल्यावर, आणि तसं कागदावर आल्यावर. सामान हलवल्याने ते थांबत नाही. इमारतीचा रखवालदार मालकाचा प्रतिनिधी आहे असं करारात कुठेही नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ती खूण पुरावा म्हणून जपून ठेवा, कदाचित उपयोगी पडेल. पण न्यायाधीश तिला ताबा परत दिल्याचा पुरावा मानेलच, या भरवशावर मी तुम्हाला बसू देणार नाही.

व्हिसोझा, लाव्रास, सांव कार्लोस, सांता मारिया अशा विद्यापीठांच्या गावांतून आपल्या मुलांची याच वळणाची पत्रं येतात. सगळ्यांच्या डोक्यात आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो: मुदत संपली, सामान उचललं, डिपॉझिटवर थोडी घासाघीस केली, संपलं. तिथला राहत्या घराचा करार सहसा तीस महिन्यांचा असतो, कारण 1991 च्या भाडेकायद्यात (क्रमांक 8,245) कलम 46 प्रमाणे तीस महिने किंवा त्याहून मोठ्या लेखी करारातच मालकाला मुदतीअंती कारण न देता घर परत मिळतं. म्हणजे तो आकडा मालकाच्या सोयीचा आहे. पोर्तुगीज कळत नसताना, कुणालाही न दाखवता तुम्ही सही केलीत. विद्यापीठात रोज पोर्तुगीज बोलणारी माणसं तुमच्या आजूबाजूला होती, एक संध्याकाळ त्यांच्याकडे मागायला काय हरकत होती?

आता हिशेब. भाडं 1,200 रियाल, मुदतीआधी सोडल्यास तीन भाड्यांचा दंड, म्हणजे 3,600. मालक पूर्ण 3,600 मागतो, ते चूक आहे. कलम 4 प्रमाणे दंड उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात लागतो. तुम्ही एकोणीस महिन्यांनी सोडलंत असं धरलं तर अकरा महिने उरले, दंड 1,320. चावी आज दिली असं धरलं तर तेवीस महिने झाले, सात उरले, दंड 840. दर महिन्याच्या उशिराने दंड 120 ने कमी होतो आणि भाडं 1,200 ने वाढतं, वर कोंदोमिनियोचा, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा, मासिक खर्च. पेंटवरून जो वाद तुम्ही चार महिने घातलात त्याची रक्कम यापुढे किरकोळ आहे.

आणि तुमच्या पत्रातली ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ झालो ती वेगळीच आहे. करारावर जामीनदार म्हणून तुमच्या पत्नीच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या आईची सही आहे. निवृत्त शिक्षिका, गावात एकच घर, त्यातच राहतात. तुम्ही लिहिता, "त्यांना उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नाही."

ब्राझीलमध्ये माणसाचं एकमेव राहतं घर कर्जवसुलीपासून सुरक्षित असतं, 1990 च्या कायद्याने (क्रमांक 8,009). त्याला मोजकेच अपवाद आहेत आणि त्यांतला एक नेमका हा: भाडेकराराचा जामीनदार. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हा अपवाद घटनेला धरून आहे असं ठरवलं, एसटीजे या तिथल्या दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयाच्या 549 क्रमांकाच्या सूत्रातही (निकालांतून ठरलेल्या नियमातही) तेच आहे. भाडेकायद्याच्या कलम 39 प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, जामीन घर प्रत्यक्ष परत होईपर्यंत चालू राहतो. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून दुसऱ्याचे हप्ते भरणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, पण तिथे या बाईंचं डोक्यावरचं छप्परच जप्तीला येऊ शकतं. करारात 'बेनेफिसियो दे ओर्देम', म्हणजे आधी भाडेकरूकडून वसूल करा असं म्हणायचा जामीनदाराचा हक्क, सोडून दिल्याचं वाक्य शोधा. बहुतेक असेलच. ते असेल तर मालकाला आधी तुमच्या मागे धावण्याचीही गरज नाही, तो सरळ त्यांच्याकडे जाईल.

आपल्या कोर्टातल्या तारखांवर तारखा पाहिलेला माणूस म्हणतो, बघू, दावा लागायला वर्षं जातील. ब्राझीलमध्ये तसं धरू नका. भाड्याची थकबाकी तिथे थेट वसुलीला लावता येते, आधी हुकूमनामा मिळवावा लागत नाही. समन्स बजावल्यापासून तीन दिवसांत पैसे भरायचे असतात. पुढची जप्ती-लिलावाची वाट लांबते हे खरं, पण तेवढा काळ त्या बाईंनी कोर्टाची नोटीस हातात घेऊन काढायची का?

म्हणून आधी त्यांना भेटा. फोन नको, पत्नीला घेऊन घरी जा, करार दाखवा.

त्यानंतर मालकाला लेखी नोटीस: अमुक दिवशी, अमुक वाजता, फ्लॅटवर चावी देतो, पोच द्या. ती गावातल्या कार्तोरिओमार्फत (नोंदणी-नोटरी कार्यालयामार्फत) बजावा, निदान टपालाने पोचपावतीसह पाठवा. त्या दिवशी दोन साक्षीदार न्या, रिकाम्या घराचे आणि वीज-पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, 'तेर्मो दे एन्त्रेगा दास शावेस' वर, म्हणजे चावी दिल्याच्या पोचपत्रावर, तारखेसह सही घ्या. मालक म्हणतो आहे की पेंट केल्याशिवाय चावी घेणार नाही. त्याला तसं अडवता येत नाही. नुकसान झालं असेल तर त्याने ते वेगळं मागावं. तरीही नाकारलं तर चावी कोर्टात जमा करण्याचा अर्ज असतो, तो तिथल्या वकिलाकडून लगेच दाखल करा. जमा झाल्या दिवसापासून भाड्याचं चाक थांबतं. मागच्या चार महिन्यांचं काय, ते त्या रखवालदाराची साक्ष आणि तुमचे मेसेज किती टिकतात यावर ठरेल. तडजोडीत त्यातले दोन महिने भरून सुटत असाल तर मी सुटा म्हणेन.

बाकीचं थोडक्यात. जामीनदार असताना वर दोन भाड्यांचं डिपॉझिटही घेतलं, हे भाडेकायद्याच्या कलम 37 ला मान्य नाही, एका कराराला एकच हमी. तडजोडीच्या टेबलावर हा मुद्दा नक्की काढा. पण दोहोंपैकी कोणती हमी रद्द ठरेल यावर वकील भांडतील, तेव्हा जामीन आपोआप उडाला असं समजू नका. पेंटचं म्हणाल तर नेहमीच्या वापराची झीज तुमच्या माथी येत नाही. पावसाळ्यातल्या बुरशीचे डाग त्यात बसतात की नाही, हे सुरुवातीच्या व्हिस्तोरियात (घर ताब्यात घेतानाच्या पाहणी अहवालात) काय लिहिलंय त्यावर जाईल, आणि त्याची प्रत तुम्ही जपलेली नाही. एजन्सीकडे लेखी मागा. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी टाका, उशिराला दिवसाला दंड आहे आणि तो 10,000 रियालपर्यंत चढू शकतो. भाड्याच्या थकबाकीपायी विमानतळावर सहसा कुणी अडवत नाही. पण त्याचा अर्थ निघून जा असा मुळीच नाही, तुम्ही गेलात की समोर फक्त त्या बाई उरतात.

वकील ओएबीत, म्हणजे ब्राझीलच्या वकील परिषदेत, नोंदलेलाच घ्या. ऐपत नसेल तर विद्यापीठाच्या कायदा विभागात विचारा, तिथे कायद्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष प्रकरणं हाताळणारा विभाग ठेवावाच लागतो. तुम्ही लिहिता की सप्टेंबरात पुण्याला परतायचं आहे. तिकीट काढण्याआधी वकिलाला मुखत्यारपत्र तिथल्याच कार्तोरिओत सही करून द्या. पुण्यातून करायचं ठरवलंत तर नोटरी, राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) आणि वर ब्राझीलमधल्या शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर, एवढं सगळं लागेल. तोवर भाड्याचा आणखी एक महिना त्या बाईंच्या नावावर चढलेला असेल.