मुलगा चौदा वर्षांचा आहे. संमिश्र वस्ती सोडून 'आपल्या लोकांच्या' वस्तीत राहायला गेलो तर त्याच्या तब्येतीवर परिणाम होईल का?

होईल, पण शेजारी कोणत्या धर्माचे, कोणत्या भाषेचे हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवेन. आधी हे बघा: पोरगा शाळा बुडवून कोपऱ्यावर उभा दिसला, तर "काय रे, आज शाळा नाही का?" असं त्याला हटकणारं कुणी आत्ताच्या वस्तीत आहे का?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शिकागोत ८,७८२ रहिवाशांना जवळपास हेच विचारलं होतं. अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जिथले लोक 'हो, आम्ही बोलू' म्हणाले आणि ज्यांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबीचा हिशेब धरूनही.

संमिश्र वस्तीत सगळं गोडीगुलाबीचं असतं असं मात्र नाही. अशा ठिकाणी लोक आपापल्या कोशात जातात, स्वतःच्या गटावरही कमी विश्वास ठेवतात, असं अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००७ मध्ये मांडलं. त्यावर बरेच वाद झाले. मला विचाराल तर, दर वर्षी भाडेकरू बदलत असतील तर सगळे एकाच भाषेचे असूनही ओळखी होत नाहीत.

तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रयोग वेगळाच आहे. १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांची सोडत काढली आणि काहींना कमी गरिबीच्या भागात जायला भाड्याची मदत दिली. पुढे ही मदत मिळालेल्या घरांतल्या किशोरवयीन मुलींमध्ये नैराश्य मदत न मिळालेल्यांपेक्षा कमी आढळलं, मुलग्यांमध्ये मात्र वाढलेलं! मुलींना छेडछाडीच्या भीतीतून सुटका मिळाली, मुलग्यांची जुनी माणसं तुटली, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तुमचं कुटुंब त्या परिस्थितीतलं नसेलही, आणि ती मुलं घर बदललं तेव्हा तुमच्या मुलापेक्षा लहान होती; पण जुनी माणसं तुटण्याचा प्रश्न तोच आहे.

मी स्वतः तेराव्या वर्षी घर बदललं. नवी जागा जास्त शांत, आणि सगळे 'आपलेच'. तरी सहा महिने रोज पोटात दुखायचं, डॉक्टरांना काही सापडेना. खेळायला कुणी हाक मारायला लागल्यावर ते कधी थांबलं, कळलंही नाही.

मुलाला सध्याच्या ठिकाणी वेगळेपणावरून त्रास होत असेल तर जरूर हला. नसेल, आणि तरी जायचंच असेल, तर निदान वर्षभर शाळा आणि खेळाची टीम तीच राहू द्या. आणि त्याला विचारलंय का?